शेकाप ‘सहा वर्षांत संपला’, असे सोलापूर जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये

गेल्या काही दिवसांत एक मजकूर सोलापूर जिल्ह्यात या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: 1948 मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडलेला शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) म्हणजे पदे न मिळालेल्या पुढाऱ्यांचा रुसवा होता, तो एका जातीपुरता होता, आणि सहा वर्षांत सारे स्वगृही परतल्यामुळे पक्ष संपला.

पदांचा मुद्दा आधी घेऊ. पक्ष स्थापणाऱ्यांपैकी केशवराव जेधे त्या वेळी संविधान सभेचे सदस्य होते. स्वातंत्र्य नुकतेच मिळालेले, केंद्रात आणि मुंबई प्रांतात काँग्रेसचेच राज्य, अशा काळात ज्याला पद हवे असेल तो पक्षातच टिकून राहील. ही मंडळी आधी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ म्हणून काम करत होती. स्वतंत्र घटना असलेल्या अंतर्गत गटांना काँग्रेसने 1948 मध्ये मनाई केली. समाजवादीही त्याच वर्षी बाहेर पडले. भांडण होते ते शेतकऱ्याच्या धान्याचे. आमचे आजोबा मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले. खळ्यावर ज्वारीची रास लागली की सरकारी भावाने द्यायची लेव्हीची पोती आधी बाजूला निघत, बियाणे आणि वर्षाचे खायचे त्यानंतर, असे ते सांगत. आणि सांगताना हाताने हवेतच पोती वेगळी करून दाखवत. ‘आपल्याच राज्यात हे का?’ या त्यांच्या प्रश्नाला रुसवा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

जातीच्या आरोपात थोडे तथ्य आहे, ते नाकारू नये. जेधे आणि त्यांचे सहसंस्थापक शंकरराव मोरे यांची पूर्वपीठिका ब्राह्मणेतर चळवळीची होती आणि नेतृत्वात मराठा समाजाचा भरणा मोठा होता. परंतु 1950 च्या दाभाडी प्रबंधात, म्हणजे आपल्या धोरणाच्या दस्तऐवजात, पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, आणि पुढे या जिल्ह्यात ज्यांच्या नावाने पक्ष ओळखला गेला ते गणपतराव देशमुख धनगर समाजातले होते. पहिल्या लोकसभा निवडणुकीचा निकालही पाहावा. सोलापूर तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एका जागेवर शेकापचे मोरे, तर दुसऱ्या, राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले, आणि सत्ताधारी काँग्रेसला दोन्ही जागा गमवाव्या लागल्या.

आता ‘संपला’ या शब्दाविषयी. त्याच 1952 मध्ये मुंबई विधानसभेच्या 315 जागांपैकी शेकापला केवळ 14 मिळाल्या, आणि जेधे 1954 मध्ये काँग्रेसमध्ये परतले, हे खरे आहे. मोरेही परतले, आणि 1962 मध्ये पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले. पक्ष स्थापणाऱ्यांनीच पक्ष सोडावा हा मोठा घाव होता, त्याला दुसरे नाव देता येणार नाही. मात्र त्याच 1962 मध्ये सांगोल्याने गणपतरावांना शेकापचे आमदार म्हणून प्रथम विधानसभेत पाठवले. मधल्या 1972 आणि 1995 च्या पराभवांसह ते एकूण अकरा वेळा निवडून आले, तेही नेहमी त्याच पक्षाकडून. ते 1978 आणि 1999 मध्ये मंत्री झाले, पण आघाडीतला घटक पक्ष म्हणून. शेकापचा लाल बावटा खाली ठेवून काँग्रेसमध्ये जाण्याची वाट त्यांच्यापुढे आयुष्यभर मोकळी होती आणि त्यांनी ती धरली नाही. पाण्यासाठी आसुसलेल्या तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली ती याच काळात.

गणपतराव 2021 मध्ये गेले. त्याआधी, 2019 मध्ये, शेकापने सांगोला थोड्या मतांनी गमावला होता. 2024 मध्ये त्यांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी तो शेकापकडूनच परत मिळवला. ही घराणेशाही झाली, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे आणि त्यावर जरूर बोलावे. परंतु जो पक्ष 1954 मध्ये संपला असे हा मजकूर सांगतो, त्याला 2024 मध्ये सांगोल्याने आमदार दिला आहे.