मोठ्या कंपन्या माजतात, कारण आपल्याला सुटताच येत नाही

कंपनी मोठी झाली की मालकांची नियत फिरते, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. गूगलच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली, विद्यार्थी असताना, शोधनिबंधातच लिहून ठेवलं होतं की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदाराच्याच बाजूने झुकणार. २००० साली त्यांच्याच सर्चवर जाहिराती आल्या. म्हणजे त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं! आपलंच सर्च फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून लावलेलं असावं म्हणून २०२१ या एका वर्षात त्यांनी २६ अब्ज डॉलरहून जास्त वाटले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. माल एवढा चोख आहे, तर हा खर्च कशाला, भिया (आमच्या इंदुरात 'भाऊ')?

व्हॉट्सॲपचंही तेच. आपण जाहिराती का घेत नाही, यावर २०१२ मध्ये त्यांनी अख्खा लेख लिहिला होता. २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेतलं आणि २०२५ मध्ये स्टेटसमध्ये जाहिराती आल्या. (हो, हे मी फेसबुकवरच लिहितोय.) सोडून जाऊ म्हटलं तर सोसायटीच्या टँकरचा निरोप, मुलीचा गृहपाठ, सानंद संस्थेच्या नाटकाची वेळ, सगळं तिथेच येतं. एकट्याने उठून जाणार कुठे?

आमच्या ओळखीच्या एक काकू इथल्याच लोकमान्य नगरात घरून डबे देतात. एका डिलिव्हरी ॲपचा मुलगा घरी येऊन थालीपिठाचे फोटो काढून गेला, सुरुवातीला कमिशनही माफ होतं. आता काकूंच्या वहीत दोन रकाने आहेत: गिऱ्हाइकाने दिले किती आणि हातात आले किती. दुसरा रकाना त्या लाल पेनाने लिहितात. वर फोन येतो, 'यादीत वर दिसायचं असेल तर जाहिरात लावा.' ॲप बंद करायचं त्यांच्या मनात येतं, पण रोज मागवणाऱ्यांचा एकही नंबर त्यांच्याकडे नाही. रेटिंगही ॲपच्याच दारात राहणार.

याउलट आमच्या सराफा बाजारातला गराडूवाला (तळलेला कंद विकणारा) बघा. यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच आहेत, तरी त्याच्या गाडीवर एकच क्यूआर आहे आणि तो कुठल्याही ॲपने स्कॅन होतो. उद्या एखाद्या ॲपने त्रास दिला, तर दुसरं टाकलं की झालं. मोबाइल नंबरचंही तसंच. २०११ मध्ये कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवायची (पोर्ट करायची) सोय देशभर झाली, तेव्हापासून 'नंबर बदलावा लागेल' या भीतीने कुणी वाईट नेटवर्क धरून बसत नाही.

म्हणून मला दंडाच्या बातम्यांचं फारसं कौतुक नाही. स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटींचा दंड ठोकला, चांगलंच केलं. पण काकूंच्या कामाचा नियम वेगळा आहे: ज्याची गिऱ्हाइकं आणि ज्याचं रेटिंग, ते त्याला सोबत नेता आलं पाहिजे. तो आपण का मागत नाही?