इटलीला दाखवायचा सातबारा

कोल्हापुरात माणूस जन्माला येतो तोच भारी म्हणून. खिशात चहाचे पैसे नसले तरी चालतील, गाडीच्या मागं 'नाद नाय करायचा' लिहिलेलं पाहिजे. अशा गावातल्या माणसाला, 'बाबा रे, तू साधाच आहेस हे शिक्क्यांनिशी सिद्ध कर,' असं कुणी सांगितलं तर त्यानं काय करावं? मला सांगितलं. आणि सांगणारं कोण, तर थेट इटलीचं सरकार.

कारण आमची कन्या. "पप्पा, मी फ्लॉरेन्सला पेंटिंग शिकायला जातो," असं ती जेवता जेवता म्हणाली, रंकाळ्यावर भेळ खायला निघाल्यासारखं. पहिला विरोध आज्जीचा. तोही पैशावरून नव्हे, इतिहासावरून. "फ्लॉरेन्सला गेलेले आपले महाराज परत आले न्हाईत."

हे खरंच आहे. छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं आज त्यांचा अर्धपुतळा आहे, वरची छत्री मेजर मँटची, म्हणजे आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्यानं आखला त्याचीच. शेजारच्या पुलालाही तिकडं 'इंडियानो'च म्हणतात. पण त्या मुलखात तेव्हा दहनाची चाल नव्हती, म्हणून खास परवानगी काढावी लागली. आज्जीचे डोळे महाराजांसाठी भरून आले. माझं मन त्या परवानगीपाशीच अडकलं. राजाला कागद चुकला नाही, तिथं शिवाजी पेठेतल्या गणिताच्या मास्तरला कसा चुकेल?

दुसरा विरोध दादांचा, माझ्या थोरल्या भावाचा. "बाबूराव पेंटर कुठल्या इटलीला गेलते? गावात बसून कॅमेरा बनवला माणसानं!" मुद्दा बिनतोड होता. यावर पोरीनं सांगितलं की तिथली मूळ संस्था १५६३ सालची, आणि १६१६ मध्ये त्यांनी आर्तेमिसिया जेंटिलेस्की नावाच्या चित्रकार बाईला सभासद करून घेतलं, बायकांत पहिलीच ती. "बाईला घेतलं?" आज्जीनं विचारलं. तेवढ्यावर तिचा निम्मा विरोध मावळला. दादा म्हणाले, "बरं, फी किती?"

इथून माझे हाल सुरू झाले. इटलीतल्या सरकारी संस्थांत फी घरच्या ऐपतीवर ठरते. ऐपतीचा एक आकडा असतो, त्याला ते 'इझे' म्हणतात. तो २२ हजार युरोच्या खाली असला की वार्षिक फी माफ. बावीस हजार युरो म्हणजे वीस लाख रुपयांच्या वरच. मी हिशेब केला आणि हबकलो. या मापानं आमची अख्खी गल्ली फी माफीला पात्र! बुलेटवाले, सोन्याची चेनवाले, गणपतीत डॉल्बी आणणारे, सगळे इटलीच्या लेखी होतकरू आणि गरजू.

गणित मात्र मला आवडलं. सगळ्यांचं उत्पन्न आणि मालमत्तेचा ठरावीक हिस्सा एकत्र करायचा आणि माणसांनी भागायचं. पण चार माणसांचं कुटुंब म्हणजे भागिले चार नव्हे, भागिले २.४६. पाच असतील तर २.८५. हे कळल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग आमालाबी घाला की! भाजक मोठा हुईल." रेशनकार्ड एकच, चूल मात्र वेगळी, तेव्हा आम्ही कुटुंब किती जणांचं, यावर घरात रात्री अकरापर्यंत खल झाला. अखेर पोरीनं सांगितलं की वहिनी आल्या तर दादांची डेअरीही बेरजेत येते. मग सगळे आपापल्या चुलीकडं गेले.

पुढचा रकाना, घर किती चौरस मीटर. आमचा वाडा तिघा भावांचा. सोपा आणि माडी माझी, पण माडीवर जाणारा जिना दादांचा. देवघर सामाईक. पोरगी टेप घेऊन मोजायला लागली तशी वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. वाटणी झाल्यापासून या घरात टेप दिसला की पोटात गोळा येतो. "इटलीला पाठवायचंय, काकू," ती म्हणाली. "इटलीला कशाला पायजे आमची मोरी?" वहिनींचा प्रश्न रास्त होता. देवघर मी तिघांत भागलं. देव कुणाच्या खात्यावर टाकायचे हे फॉर्मनं विचारलं नाही, उपकारच म्हणायचे.

शेतीनं तर घामच काढला. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि तेही दोन वर्षांपूर्वीचं. आपलं एप्रिल ते मार्च. उसाचं वर्ष तर तिसरंच. गळीत नोव्हेंबरच्या आसपास सुरू, बिल हप्त्यांनी. बारा महिन्यांच्या चौकटीत ऊस कसा बसवायचा हे मला पस्तीस वर्षं गणित शिकवूनही समजेना. सातबारा आमच्या बापाच्या पिढीपासूनचा सामाईक, त्यावर मेलेली माणसं जास्त. त्यातला माझा हिस्सा पंचवीस गुंठे, एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. आणि बँकेत ३१ डिसेंबरला शिल्लक किती तेही हवं. नेमके त्याच दिवशी दादांच्या ट्रॅक्टरचे पैसे माझ्या खात्यावर येऊन बसलेले. दोनच दिवस, पण इटलीला दिसायला तेवढे पुरे.

मग मिरवणूक. तलाठी, तहसील, राज्य सरकारचा शिक्का, त्यावर परराष्ट्र खात्याचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानावा म्हणून मारलेला शिक्का, आणि शेवटी सगळ्याचं इटालियनमध्ये भाषांतर. एका खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी विचारलं, "उत्पन्नाचा दाखला कशासाठी?" "पोरगीला चित्रं काढायला इटलीला पाठवायचीय." त्यांनी माझ्याकडं बघितलं, अर्जावरच्या आकड्याकडं बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या उत्पन्नात इटली? उद्या या." दुसऱ्या दिवशीही तेच.

अडचण एवढीच की त्याच आठवड्यात पुतण्याचं स्थळ जमत आलं होतं, गडहिंग्लजचं. दादांनी बायोडाटा टाइप करून आणला. 'बागायत शेती ८ एकर, शिवाजी पेठेत स्वतःचा वाडा, काका शिक्षक, घरचा ट्रॅक्टर.' एक अक्षर खोटं नाही. माझ्या हातातल्या कागदावर तीच शेती पंचवीस गुंठे, तोच वाडा साठ चौरस मीटर, जिना सोडून. तेही खोटं नाही. दादांनी माझा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "हे गल्लीत कुणाला दाखवू नकोस. पोराचं ठरू दे आधी."

दोन्ही कागद एकाच झेरॉक्सच्या दुकानात, एकाच वेळी गेले. त्या पोरानं पानं जुळवता जुळवता दोन्ही वाचले, एकदा दादांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"काका," तो म्हणाला, "इटलीला कुठलं आणि गडहिंग्लजला कुठलं, तेवढं पाकिटावर पेनानं लिवून ठेवा."