उन्हापेक्षा दमट हवेची धास्ती

वाटेतल्या उष्म्याने खराब होतील म्हणून उन्हाळ्यात कच्च्या कॉफीबिया मागवूच नका, हा लेखातला सल्ला जरा टोकाचा वाटला. मी दादरला राहतो, घरीच कढईत बिया भाजतो. गेल्या मे महिन्यात चिकमगळूरहून आलेली पिशवी हाताला चांगलीच गरम लागत होती, पण कॉफीच्या चवीत काही फरक जाणवला नाही. कच्च्या बीत साधारण १० ते १२ टक्के ओलावा असतो, दोन-चार दिवसांच्या उष्म्याने तो फारसा हलत नाही. महिनोन्‌महिने तापलेल्या गोदामात पडल्या तर मात्र बिया फिकट होतात, चव गोणपाटासारखी लागते. आमची खरी भीती जूनची! तागाच्या पिशवीतल्या बियांना कुबट वास आला, सगळ्या फेकाव्या लागल्या. (मॉन्सून्ड मलबार नावाच्या कॉफीच्या बियांना पावसाळ्यातली हीच दमट हवा मुद्दाम खाऊ घालतात, ती गोष्ट वेगळी.) आता पार्सल आलं की आधी सावलीत निवू देतो, मगच हवाबंद डब्यात.