गॅदरिंग नक्की कोणाचं?

काल परळला आमच्या गावच्या मुंबई मंडळाची मीटिंग झाली. नेहमीसारखीच, वेळ पाचची, सुरू साडेसहाला, दहा बाय बाराच्या खोलीत वीस माणसं आणि अर्धी बाहेर गॅलरीत. विषय एकच, गावच्या शाळेच्या येत्या गॅदरिंगला मंडळाने काय द्यायचं. यादी निघाली ती अशी, डीजे, एलईडी लायटिंग, पोरांना मुंबईतून भाड्याने ड्रेस आणि पाहुण्यांना फेटे. मी तोंड उघडलं तर सगळे म्हणाले तू गप रे, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. ग्रुपवर लिहिलं की अॅडमिन डिलीट मारतो, म्हणून इथे लिहितोय. मंडळातले जे इथे आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा, मग शिव्या घाला.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चिपळूणपासून एसटीने तास-सव्वातास. पहिली ते पाचवी मिळून पट अकरा. टायपो नाही, अकराच. गुरुजी जवळपासचेच आणि बाई सांगलीकडच्या. दोघांत मिळून पाच वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरणं, मतदार यादी, पोषण आहाराचा हिशोब, सगळं त्यांच्याच डोक्यावर. मी शिकलो तेव्हा साठाच्या वर पोरं होती आणि मार खाण्यात माझा नंबर वरचा होता, ते असो.

गेल्या वर्षी गॅदरिंग २५ जानेवारीला संध्याकाळी होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदन. मी दोन दिवस रजा टाकून रात्रीची कोकणकन्या पकडली. मंडळाचे आम्ही नऊ जण. कार्यक्रम सातला सुरू झाला, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, स्वागत, आणि मग सत्कार. मी मोजल्यात, तेवीस शाली. त्यातली एक माझी पण होती आणि मी मुकाट्याने घेतली, खोटं कशाला बोलू. त्यानंतर अध्यक्षीय मनोगत, त्यात अध्यक्षांचं बालपण. पावणेदहा वाजले तरी एकही पोरगं स्टेजवर नाही.

मी लघवीला म्हणून मागे गेलो तर पडद्याच्या मागे सगळी पोरं तोंडाला रंग लावून बसलेली. पहिलीतला एक पोरगा गुंडाळलेल्या सतरंजीवर डोकं टेकून गाढ झोपलेला, मिशी काढलेली ती गालभर पसरलेली, आणि उजव्या पायात चाळ, म्हणजे घुंगरांचा पट्टा. चाळ त्याच्या आजोबांचा, जाखडीत, म्हणजे आमच्या कोकणातल्या गाण्यावरच्या नाचात, नाचायचे तेव्हाचा. पोराचा पाय एवढा बारीक की चाळ घसरू नये म्हणून आईने आतून जुन्या साडीची पट्टी गुंडाळलेली. दहा वाजता त्याला हलवून उठवलं आणि सरळ स्टेजवर ढकललं.

आणि तिथे खरी मजा झाली. पोरांनी जाखडीचं गाणं स्वतः रचलं होतं, गुरुजींनी फक्त चाल बसवून दिलेली. त्यात सकाळची न येणारी एसटी होती, शाळेची गळणारी कौलं होती, खिचडीत मीठ विसरणारी मावशी पण होती. दोन ओळी झाल्या आणि आमच्यातल्याच एकाने, नाव घेत नाही पण तो हे वाचणार आहे, डीजेवाल्याला सांगितलं की आवाज पोचत नाहीय, रेकॉर्ड लाव. लागली रेकॉर्ड. पोरं दोन सेकंद एकमेकांकडे बघत राहिली आणि मग जे काय वाजत होतं त्यावर नाचली. टाळ्या भरपूर. आम्ही मोबाईल वर करून शूटिंग केलं आणि व्हिडीओ झेंडावंदनाच्या आधी ग्रुपवर.

एसटीचं कडवं आजपर्यंत कोणी ऐकलेलं नाही.

झेंडावंदन झाल्यावर मी वर्गात असाच डोकावलो. भिंतीवर जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद एकाला एक चिकटवून मोठा तक्ता केलेला, वर लिहिलेलं 'विहीरीतले पाणी', त्यातला 'ही' दीर्घ, चुकलेला. गावातल्या पाच विहिरी, पाच रंगाच्या रेघा. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून दर शनिवारी सकाळच्या शाळेत पोरं बाईंबरोबर जातात, दोराला दगड बांधून विहिरीत सोडतात आणि काठापासून पाणी किती खाली गेलं ते मोजतात. देवळाजवळच्या विहिरीची रेघ सहा हातांवरून अकरा हातांवर आलेली.

चौथीतली एक मुलगी मला दाखवायला विहिरीवर घेऊन गेली. मी आपला शहाणपणा करून दोर वावेने, म्हणजे दोन्ही हात पसरून, मोजायला लागलो तशी म्हणाली, "काका, दोर नाय मोजायचा, गाठी मोजायच्या." दोराला हाता-हातावर गाठी. मग तिने सगळी भानगड सांगितली. पहिल्या शनिवारी दोघांनी एकच विहीर मोजली तर एकाचे पाच हात आणि दुसऱ्याचे सात. भांडण झालं, खोटं बोलतोस वगैरे. मग कळलं की एक दुसरीतला आणि एक पाचवीतला, हातच वेगळे. दोन दिवस वाद घालून ठरलं की सगळ्यांनी हिचाच हात धरायचा. बाईंनी मग पट्टी काढून कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत तो हात मोजायला लावला, छत्तीस सेंटिमीटर भरला. म्हणजे त्या शाळेत सध्या एक हात बरोबर छत्तीस सेंटिमीटर, आणि ते प्रमाण दोन वेण्या घालून हिंडतंय.

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि एप्रिल-मेमध्ये तिथेच कित्येक वाड्यांत टँकर फिरतो. आमचा जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून सगळं निघून जातं. मी हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण कुठली विहीर कधी किती उतरते हे आमच्या मंडळातल्या एकालाही सांगता येणार नाही. त्या अकरा जणांना येतं.

आता माझ्या घरचं ऐका. मुलगा इथे मुंबईत तिसरीला. त्याला पण पाण्यावरच प्रोजेक्ट होतं, पाणी वाचवा. सबमिशन सोमवारी, आठवण रविवारी रात्री नऊला. स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीवाल्याकडे तयार कटआउट मिळतात, नळ, थेंब, हसणारी पृथ्वी, ते आणले. थर्माकोल पण आणला, २०१८ ला डेकोरेशनच्या थर्माकोलवर राज्यात बंदी आली पण प्रोजेक्टसाठी म्हटलं की आतून काढून देतात. साडेबारापर्यंत मी कापत बसलो, बायको लेटरिंग करत होती, मुलगा आठ वाजताच झोपलेला. शाळेत मॅडमनी विचारलं की हे काय दाखवलंयस, तर म्हणाला पप्पांना विचारा. ग्रेड मात्र ए. म्हणजे मला.

बाईंनी सांगितलं की २०१० पासून आपल्याकडे जे आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर शिकता शिकताच मुलाला जोखणं, आलं त्याची साधनं आठ, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय असं सगळं, आणि प्रकल्प त्यातलं फक्त एक. नोंद मुलाने काय केलं त्याची करायची असते. आपण इथे पालकांची परीक्षा करून टाकलीय. गावात तसं होत नाही कारण बाजारातून आणायला जवळ दुकान नाही आणि आईबाप दिवसभर कामावर. त्यात गावाचा काही मोठेपणा आहे असं मी म्हणत नाही, उद्या तिथे स्टेशनरीवाला आला तर तिथेही हेच सुरू होईल.

आणि सण साजरे करायचं म्हणाल तर ते पण तिथे असंच चालतं, म्हणजे आम्ही नसतो तेव्हा. बाईंनी त्यांच्याकडचा हादगा आणलाय. नवरात्रात पाटावर खडूने हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, मुली कमी म्हणून मुलगे पण फेरात. शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. एका पोरीने डब्यात धोंडस आणलं, मोठ्या पिकलेल्या काकडीचा आमच्याकडे केकसारखा पदार्थ करतात तो. बाई शिरा म्हणाल्या, ढोकळा म्हणाल्या, खरवस पण म्हणून बघितला, ओळखता काही येईना, पोरं हसून हसून लोळली. दिवाळीच्या आधी अंगणात लाल मातीचा किल्ला, जांभ्याच्या तुकड्यांचे बुरूज आणि उतारावर नाचणी पेरून उगवलेलं गवत. यातल्या कशालाच पाहुणे नसतात. फोटो पण बाईंच्या मोबाईलमध्ये दोन-तीन, तेही हललेले.

मंडळाने काहीच केलं नाही असं नाही. पाण्याची टाकी आपण दिली, वादळात उडालेले संडासाचे पत्रे आपण बसवले, ती कामं चांगलीच होती. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा निघाली तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा आपणच केला, शिक्षण हक्क कायद्याने लहान मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे म्हणून. बरोबरच होतं. पण त्या दिवशी ओरडणाऱ्यातल्या एकाचंही पोर त्या शाळेत नाही, माझं पण नाही. पट साठावरून अकरावर काही गुरुजींनी आणलेला नाही. आपण सगळे इकडे आलो, आपली पोरं इकडे. पट आपण कमी केला, आता निदान स्टेज तरी त्या अकरा जणांना सोडा ना.

माझं मागणं तसं मोठं नाही. डीजेच्या पैशात दोन चांगले माइक आणि कौलांची दुरुस्ती होते, पोरांचा आवाज पण पोचेल आणि गाण्यातलं एक कडवं कमी होईल. सत्कार सगळ्यात शेवटी, पोरं घरी गेल्यावर, मग तेवीस काय पन्नास शाली वाटा. ड्रेस नकोच, चाळ घरात आहेत. आणि तो विहिरींचा तक्ता वर्गात न ठेवता मंडपाच्या तोंडाशी लावा, येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला आपल्या वाडीच्या विहिरीचा आकडा बघून मगच आत जाऊ दे.

मेच्या शेवटी बाईंनी फोटो पाठवला होता. शाळेला सुट्टी होती तरी पोरांनी मोजणं सोडलं नव्हतं. देवळाजवळची विहीर एकोणीस हात, वरच्या वाडीच्या रेघेपुढे नुसतं लिहिलेलं, 'दगड कोरडा आला'. शीर्षकातला 'ही' तोपर्यंत ऱ्हस्व झाला होता.

पुढची मीटिंग रविवारी, त्याच खोलीत, वेळ पाचची. मी यादी कागदावर लिहून नेणार आहे. वडापाव कोण आणतंय तेवढं सांगा.