बेल्ट गेलाय

आमच्या दिवाणखान्यात गाणं वाजवणारी यंत्रं मुबलक आहेत, गाणं मात्र क्वचितच वाजतं. चावीचा ग्रामोफोन, रेकॉर्ड प्लेअर, दोन कॅसेट डेक, वॉकमन आणि समोर ठेवलेली सीडीसुद्धा न ओळखणारा एक सीडी प्लेअर. पाहुणे विचारतात, "सगळं चालू आहे का हो?" मी "तसं चालू आहे" म्हणतो आणि चहाचं विचारतो.

त्यातल्या त्यात ग्रामोफोन इमानी. पण लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत आटोपते. मग उठा, तबकडी उलटा, चावी द्या, पोलादी सुई बदला. सुई एका बाजूपुरतीच असते. एवढ्यात कुणीतरी हौशी एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली मऊ विनाइलची तबकडी, उचलून "ही मोठी लाव ना त्याच्यावर!" म्हणतो. ग्रामोफोनची सुई धरणारा तो जड साउंडबॉक्स एलपीवर ठेवला तर गाण्याऐवजी नांगरणी होईल, म्हणून मी आडवा पडतो.

असं निभत होतं. पण परवा सासरेबुवा आले. पिशवीतून कॅसेट काढून म्हणाले, "जावईबापू, तुमच्याच लग्नाची मंगलाष्टकं! आमच्या ताईने म्हटलेली. एवढी यंत्रं आहेत, लावा की."

डेकमध्ये कॅसेट घातली, बटण दाबलं. मोटर गुणगुणली, चाकं ढिम्म.

"बेल्ट गेलाय," मी म्हणालो.

"कुठे?" सासरेबुवा.

तो कुठेच गेला नव्हता. मोटरची गती चाकांना देणारा तो रबरी पट्टा झाकण उघडलं तर आतच होता, फक्त बेल्ट राहिला नव्हता. इतक्या वर्षांच्या दमट हवेने रबराचं डांबर होऊन पुलीला, फ्लायव्हीलला आणि क्षणार्धात माझ्या दहाही बोटांना चिकटलं. तिथून ते दाराच्या कडीवर, फ्रिजच्या दांड्यावर आणि सासरेबुवांच्या पांढऱ्या लेंग्यावर कसं पोचलं, हे मला खरंच सांगता येणार नाही. स्पिरिट आणायला गेलो, तर औषधवाला आधी माझ्या हातांकडे आणि मग तोंडाकडे बघत राहिला.

तसाच मुंबईतला इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला.

"जुना बेल्ट आणलाय का मापाला?" दुकानदार.

मी दहा बोटं काउंटरवर ठेवली. त्याने मुकाट्याने बेल्टांचं मिक्स पाकीट काढून दिलं.

त्यातला एक जवळजवळ बसला. आता कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. हा पडला सैल. आत्याबाईंची मंगलाष्टकं एखाद्या दमेकरी आजोबांच्या आवाजात येऊ लागली. मध्येच एक हेलकावा, की सूर पायरी चुकल्यासारखा खाली.

"अहो, हे कोण म्हणतंय?" बायको स्वयंपाकघरातून.

"आत्याच की तुझी," सासरेबुवा डोळे मिटून म्हणाले. "तेव्हा घसा बसला होता तिचा. चांगलं आठवतंय मला."

मी स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. एवढा समाधानी श्रोता या यंत्रांना आजवर लाभला नव्हता.

बाजू संपल्यावर त्यांनी पुन्हा पिशवीत हात घातला आणि ताटलीएवढं टेपचं स्पूल बाहेर काढलं. "यात थोरल्या दादांची भजनं आहेत. हे वाजवायचं मशीन आहे ना तुमच्याकडे?"

"नाही," मी म्हणालो. "पण चोरबाजारात एक बघून ठेवलंय."

बायको हात पुसत बाहेर आली. "बाबा, ते आधी पिशवीत ठेवा."