हसला म्हणजे सही केली का?

फॉर्म्युला वनचा सीझन अर्धाही सरत नाही, तोवर या अफवाबाजांचं सुरू. अमका ड्रायव्हर तमक्या टीमकडे चालला म्हणे! पुरावा काय? तर पॅडॉकमध्ये, म्हणजे गॅरेजमागच्या आवारात, त्या टीमच्या बॉसशी दोन मिनिटं हसून बोलला. अरे, माणसं हसतात!

रेड बुलचा ड्रायव्हर व्हर्स्टापेन आणि मर्सिडीज टीमचं लग्न तर किती वेळा लावून झालं. रेड बुलशी करार २०२८ पर्यंतचा, तरी बाहेर पडायची कलमं चघळत बसायचं. शेवटी २०२५ मध्ये हंगेरीत त्यानंच सांगितलं, पुढच्या वर्षी मी इथेच. झालं, मंडळी लगेच २०२७ चा मुहूर्त काढायला मोकळी.

आणि खरा बॉम्ब फुटतो तेव्हा हे ज्योतिषी असतात कुठे? २०२२ मध्ये अल्पीन टीमचा ड्रायव्हर अलोन्सो ॲस्टन मार्टिन टीमला निघाला, तेव्हा अल्पीनच्या बॉसलासुद्धा पक्कं कळलं ते प्रसिद्धीपत्रकातून. मग अल्पीननं घाईघाईत त्याच्या जागी आपल्या राखीव ड्रायव्हरचं, पियास्त्रीचं नाव जाहीर केलं, तर त्या पोरानं संध्याकाळी सांगून टाकलं, मी काही तुमची गाडी चालवणार नाही. प्रकरण ड्रायव्हरांच्या करारांचे वाद सोडवणाऱ्या मंडळापर्यंत गेलं आणि पोरगा मॅकलरेन टीमला मिळाला. असली भानगड कुणाच्या स्वप्नात तरी आली होती?

‘सूत्रांच्या माहितीनुसार’ दिसलं की माझं डोकंच फिरतं. कोण ही सूत्रं? टायर बदलणारा? की त्याचा मेहुणा?

रात्री दीड वाजता तेच वाचत बसतो मी, ही गोष्ट वेगळी.