वरच्या बूथमधला माणूस

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे पोरानं कुस्ती मारली की लोक आधी विचारतात, "तालीम कुठली? वस्ताद कोण?" पहाटे त्याच्याशी लढून एकच डाव शंभरदा घोटून घेणाऱ्या जुन्या पैलवानाचं नाव कुणी विचारत नाही. हे मला कधी खटकलं नव्हतं. लुइझियानातल्या बॅटन रूजला राहायला आलो आणि खटकायला लागलं.

इथला कॉलेज फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा खेळ. शनिवारी रात्री लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या टायगर स्टेडियममध्ये लाखभर माणसं जमतात. खेळ दर काही सेकंदांनी थांबतो आणि प्रत्येक वेळी नवी चाल ठरवावी लागते. एका माणसाच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून हेड कोचच्या हाताखाली चेंडू फेकणाऱ्यांचा, झेलणाऱ्यांचा, अडवणाऱ्यांचा असा वेगवेगळा सहायक कोच असतो. २०१९ साली नियमानं असे दहा जण ठेवता येत.

त्याच २०१९ च्या मोसमात इथला संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. आदल्या मोसमात जो बरो या क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूनं, १६ टचडाऊन पास (ज्या फेकीवर थेट गुण मिळतात त्या) दिले होते, या मोसमात ६०. मधल्या काळात न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी नावाचा तरुण सहायक आला होता. देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा तो तिशीचा होता. हेड कोच एड ऑर्जरॉन यांच्यापेक्षा खरं काम या पोराचं, असं इथं उघड बोललं जाई.

सहायकाला श्रेय मिळालं याचा मला आनंदच झाला. पण आक्रमणाचे प्रमुख होते स्टीव्ह एन्समिंगर. याच गावचे, एके काळी याच संघाचे क्वार्टरबॅक. २८ डिसेंबर २०१९ ला अटलांटात उपांत्य सामना होता. तो बघायला निघालेल्या त्यांच्या सुनेचं विमान सकाळी लुइझियानातच कोसळलं आणि ती गेली. सामन्याआधी त्यांना हे कळलं. तरी ते वरच्या बूथमध्ये, म्हणजे स्टेडियममध्ये उंचावर असलेल्या कोचच्या खोलीत जाऊन बसले आणि चाली सांगत राहिले. पूर्वार्धातच बरोनं सात टचडाऊन पास दिले. ओक्लाहोमाविरुद्धचा सामना ६३-२८ असा जिंकला. त्या विजयातला त्यांचा वाटा कोण कसा मोजणार? ब्रेडीची नवी पद्धत चालली, कारण स्वतःचं पद वर असूनही या माणसानं तिला आपल्या आखणीत जागा करून दिली, असं माझं मत आहे. आणि ब्रेडीला आणलं ऑर्जरॉननीच, हेही विसरू नये.

पुढच्या वर्षी ब्रेडी गेला, बचावाचे प्रमुख डेव्ह अरांडा गेले, १४ खेळाडू व्यावसायिक लीगनं निवडले आणि संघ पाच विजय, पाच पराभव इथवर आला. सगळं सहायकांमुळेच होतं, असं यावरून म्हणता येत नाही. पण त्यांच्याशिवाय चालतं, असं तर मुळीच म्हणता येत नाही.

घरच्या ग्रुपवर मात्र अजून तेच चालतं. जानेवारी २०२५ मध्ये भारत ऑस्ट्रेलियात ३-१ नं हरला, तेव्हा काकांनी लिहिलं, "कोच एक पुरे, हा सगळा ताफा कशाला?" मार्चमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, तेव्हा ताफ्याचं नाव कुणी काढलं नाही. आणि एप्रिलमध्ये सहायक प्रशिक्षक अभिषेक नायर यांना जावं लागलं. के. एल. राहुलनं आपल्या सुधारलेल्या खेळाबद्दल त्यांचं नाव घेतलं होतं, तरीही. हरल्याचा हिशेब सहायकाकडून वसूल करायचा असेल, तर जिंकल्याचा वाटाही त्याच्या हातात पडला पाहिजे. काका, हे मी तुम्हाला तेव्हाच लिहायला हवं होतं.

राहुल द्रविड यांनी हे करून दाखवलं आहे. २०१८ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकल्यावर मंडळानं त्यांना ५० लाख आणि सहायकांना २० लाख जाहीर केले. हा फरक का, असं द्रविड यांनी विचारलं आणि शेवटी सगळ्यांना सारखे २५ लाख मिळाले. त्यांचे स्वतःचे निम्मे झाले. गोलंदाजी प्रशिक्षक पारस म्हांब्रे तेव्हाही त्यांच्यासोबत होते आणि २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तेव्हाही.